रुग्णालयात तक्रारीसाठी मोबाइलवर चित्रीकरण करताना

रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. मावशीच्या हाताला लावलेली सलाइनची बाटली पूर्ण रिकामी होऊन नळीत वीतभर रक्त उलटे चढले होते. मी तीनदा घंटी दाबली, दाराबाहेर जाऊन आले, पण सिस्टरच्या टेबलावर कोणीही नव्हते. इंदूरमधल्या एका खासगी रुग्णालयातली ही गोष्ट आहे. मावशीचे वय ७१, खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम दोन दिवस झालेले. मी मोबाइल काढला आणि ४८ सेकंदांची चित्रफीत घेतली. तिच्यात रिकामी बाटली, रक्ताची नळी, खाटेचा क्रमांक, भिंतीवरचे घड्याळ आणि उघड्या दारातून दिसणारी रिकामी खुर्ची एवढेच होते. पुढे लेखी तक्रार केली तेव्हा उत्तर आले की नोंदीप्रमाणे बाटली बरोबर दोन वाजता बदललेली आहे. केसपेपरची प्रत मागवून घेतली, तर त्यावर खरोखरच दोनची वेळ आणि सही होती. ती नोंद आणि ती चित्रफीत शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र अधीक्षकांना लेखी मान्य करावे लागले की त्या रात्री दोन मजल्यांना मिळून एकच सिस्टर होती.

त्याच चित्रफितीत माझ्याकडून एक चूकही झाली होती. मोबाइल दाराकडे वळवताना शेजारच्या खाटेवरच्या बाई, पांघरूण सरकलेल्या अवस्थेत, दोन-तीन सेकंद दिसत होत्या आणि मी ती चित्रफीत तशीच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. सकाळी त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन अतिशय शांतपणे विचारले, “ताई, माझ्या आईचा व्हिडिओ तुम्ही कोणाकोणाला पाठवला?” मी ती तिथल्या तिथे सगळ्यांकडून काढून टाकायला लावली, पण त्या प्रश्नाचे ओझे आजही मनावर आहे. हा लेख त्या दोन्ही अनुभवांतून लिहिला आहे. तक्रारीसाठी चित्रीकरण जरूर करावे. मात्र कॅमेरा वस्तूंवर, वेळेवर, आपल्या स्वतःच्या रुग्णावर आणि आपण स्वतः भाग घेतलेल्या संभाषणावर ठेवावा आणि चित्रफीत तक्रारीच्या फाइलीतच ठेवावी, एवढे माझे सांगणे आहे.

कायदा कुठवर साथ देतो

रुग्णाला किंवा नातेवाइकाला रुग्णालयात चित्रीकरणाचा हक्क आहे असे सांगणारे स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही आणि सरसकट बंदी घालणारा केंद्रीय कायदाही नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यातल्या १७ हक्कांत माहिती मिळण्याचा, उपचारांच्या नोंदी मिळण्याचा, दरांच्या पारदर्शकतेचा आणि तक्रार ऐकून घेतली जाण्याचा हक्क आहे, आणि गोपनीयतेचाही आहे. तक्रार ऐकून घेण्याचा हक्क तुमच्या बाजूने उभा राहतो, तर गोपनीयतेचा हक्क शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या बाजूने. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हापासून या दुसऱ्या बाजूचे वजन आणखी वाढले आहे.

स्वतःच्या संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाबाबत जुना आधार आहे तो मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या निकालाचा. ते प्रकरण योगायोगाने वैद्यकीय क्षेत्रातलेच होते. शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला, त्या निमित्ताने मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, डॉक्टरकडे लाच मागितली आणि डॉक्टरांच्या बाजूने पोलिसांच्या मदतीने दूरध्वनीवरचे बोलणे टेपवर घेतले गेले. संभाषणातला एक पक्ष राजी असताना केलेले ते ध्वनिमुद्रण न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केले. डॉक्टरांना त्या दिवशी ज्या साधनाने न्याय मिळाला, ते रुग्णाच्या हाती आले म्हणून गैर ठरत नाही. मात्र आपण ज्या संभाषणात नाही, म्हणजे दोन सिस्टरांचे आपसातले बोलणे किंवा केबिनमध्ये दुसऱ्या रुग्णाशी चाललेली चर्चा, ते चोरून टिपणे या आधारात बसत नाही.

आता मर्यादा पाहू. एखाद्या स्त्रीला खासगी अवस्थेत टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते. कोणाच्याही, स्त्री असो वा पुरुष, खासगी अवयवांचे चित्र त्याच्या संमतीविना घेणे किंवा पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये येते आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. वॉर्डात कपडे बदलणे, बाळाला पाजणे, कॅथेटर लावणे हे सगळे दिवसभर चाललेले असते, त्यामुळे ही कलमे दूरची समजू नयेत. मानसिक आजाराच्या रुग्णाची छायाचित्रे त्याच्या संमतीविना माध्यमांना देण्यास २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मनाई करतो आणि त्याच वर्षीचा एचआयव्हीविषयक कायदा रुग्णाची स्थिती उघड करू देत नाही. म्हणून मानसोपचार विभाग, प्रसूतिगृह, शस्त्रक्रियागृह, आयसीयूचा सामायिक भाग आणि एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या उपचारांचे केंद्र) या ठिकाणी मोबाइल खिशातच ठेवावा. तिथली तक्रार लेखी नोंदवावी आणि पुरावा रुग्णालयाकडून मागवावा.

खासगी रुग्णालयाच्या भरतीच्या अर्जावर पुष्कळदा ‘परिसरात चित्रीकरण करणार नाही’ अशी अट छापलेली असते आणि आपण घाईत सही करून मोकळे होतो. भरतीच्या दिवशीच त्या अर्जाचा फोटो काढून ठेवा. ती अट मोडणे हा आपोआप गुन्हा होत नाही. रुग्णालय तुम्हाला चित्रीकरण थांबवायला किंवा बाहेर जायला सांगू शकते, भेटीचा पास रद्द करू शकते, आणि स्पष्ट सांगूनही तुम्ही अडून बसलात तर अतिक्रमणाची तक्रार करू शकते. म्हणून थांबवायला सांगितले तर थांबावे, आणि कोणी, किती वाजता, कोणत्या शब्दांत थांबवले ते लिहून ठेवावे. सरकारी रुग्णालयात कर्मचारी लोकसेवक असतो आणि त्याच्या कामात अडथळा आणणे हे न्याय संहितेच्या कलम २२१ खाली, तर त्याच्यावर हात उगारणे किंवा धक्काबुक्की करणे हे कलम १३२ खाली गुन्हा आहे. मध्य प्रदेशात डॉक्टर आणि आरोग्यसेवकांच्या संरक्षणाचा २००८ चा वेगळा कायदाही आहे. सिस्टर सुई लावत असताना तिच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरणे म्हणजे तुमची खरी तक्रार बाजूला पडून तुमच्यावरच तक्रार होण्याला वाट करून देणे आहे.

टिपण्याआधी

सर्वांत आधी आपल्या रुग्णाला विचारावे. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. आई असो, काका असोत, शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्याचीच असते. “तुझ्या हाताचा फोटो घेते, तोंड येणार नाही, तक्रारीसाठी हवा आहे” एवढे वाक्य पुरते. मावशीने मला हो म्हटले आणि वर सांगितले, “मी अशी दिसतेय ते कोणाला दाखवू नकोस.” तिचे ते वाक्य मी अट म्हणून पाळायला हवे होते. रुग्ण बेशुद्ध असेल तर सर्वांत जवळच्या नातेवाइकाने ठरवावे आणि घरातल्या चार जणांनी आपापले मोबाइल काढू नयेत. ज्याने टिपले त्यालाच पुढे ग्राहक आयोगासमोर शपथेवर सांगावे लागू शकते, म्हणून एकच माणूस आणि एकच मोबाइल ठेवावा.

दुसरे म्हणजे, आधी मदत मागावी आणि मग टिपावे. माझ्या त्या ४८ सेकंदांपूर्वी मी तीनदा घंटी दाबली होती, म्हणूनच अधीक्षकांपुढे मला मान खाली घालावी लागली नाही. रुग्णाचा जीव धोक्यात असेल तर मोबाइल टाकून धावावे.

प्रत्यक्ष टिपताना

चित्रफीत ३० ते ६० सेकंदांची असावी आणि मध्ये तोडू नये. सुरुवातीला शांत आवाजात तारीख, वेळ, वॉर्ड आणि खाटेचा क्रमांक सांगावा. नंतर कॅमेरा हळू फिरवत मूळ गोष्टीवर न्यावा आणि तिथे दहा सेकंद स्थिर धरावा. भिंतीवरचे घड्याळ दिसले तर उत्तम, पण ते पुढे-मागे असू शकते, म्हणून लगेच दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरची वेळही दाखवावी. आमच्या वॉर्डातले घड्याळ चार मिनिटे पुढे होते आणि ते तक्रारीत आम्ही आपणहून लिहिले. प्रतिपक्षाने काढण्याआधी आपली उणीव आपण सांगितली की बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो. आवाजात आरोप, शिवीगाळ किंवा शेरे नकोत. “बाटली रिकामी आहे, नळीत रक्त आहे, २ वाजून २० मिनिटे, टेबलावर कोणी नाही” अशी वाक्ये पुरावा म्हणून टिकतात, तर “हे लोक माणसे मारतात” हे वाक्य तुमचीच बाजू दुबळी करते.

औषधाबद्दल तक्रार असेल तर इंजेक्शनची कुपी किंवा गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि छापील किंमत वाचता येईल इतक्या जवळून फोटो घ्यावा आणि लगेच त्याच औषधाची बिलातली ओळ टिपावी. अंथरुणाला खिळून पडलेल्या जखमा, ज्यांना आपण बेडसोर म्हणतो, त्यांचा फोटो घेताना बाकीचे अंग स्वच्छ चादरीने झाकावे आणि आकार कळावा म्हणून जखमेला न टेकवता शेजारी मोजपट्टी धरावी. असा फोटो भरतीच्या पहिल्याच दिवशी, जखम नसताना, घेऊन ठेवला असेल तर त्याचे मोल फार मोठे असते, आणि वृद्ध रुग्णाच्या बाबतीत तो घ्यावाच असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शौचालयाची अवस्था, गळणारे छप्पर, दर्शनी भागात न लावलेले दरपत्रक यांचे फोटो माणसे नसताना घ्यावेत.

डॉक्टरांशी बोलताना ध्वनिमुद्रण करायचे असेल तर उघडपणे विचारणे मला नेहमीच अधिक हिताचे वाटले आहे. “डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगताय ते घरी सगळ्यांना नीट कळावे म्हणून रेकॉर्ड करून घेऊ का?” असे विचारल्यावर अनेक डॉक्टर उलट अधिक सावकाश समजावून सांगतात. नाही म्हणाले तर त्यांच्यासमोरच वहीत मुद्दे लिहून घ्यावेत.

कोणी अडवले तर

सुरक्षारक्षक “भैया, मोबाइल बंद करो, डिलीट करो” म्हणत येतो तेव्हा आवाज चढवू नये. आपल्याकडे हे बोलणे हिंदीतच होणार, म्हणून वाक्य मनात तयार असू द्यावे: “मैं केवल अपने मरीज़ का रिकॉर्ड रख रही हूँ, किसी और का चेहरा नहीं है, आप अपने अधिकारी को बुला दीजिए।” रक्षकाला किंवा रुग्णालयाच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला तुमचा मोबाइल हिसकावण्याचा, त्यातले पाहण्याचा किंवा काही पुसायला लावण्याचा अधिकार नाही. खोलीत कोंडून ठेवले तर तो न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा अवैध बंदिवास ठरतो आणि ११२ वर फोन करावा. पोलिसांना मोबाइल पुरावा म्हणून हवा असेल तर नकार देऊ नये, मात्र जप्तीचा पंचनामा करून त्याची प्रत मागून घ्यावी आणि त्यात मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे त्याच एका संचाची ओळख पटवणारा, क्रमांक लिहिला आहे ना ते पाहावे. शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकाने आक्षेप घेतला तर मात्र तो ऐकलाच पाहिजे. त्याला चित्रफीत दाखवावी, माफी मागावी आणि त्याचा रुग्ण दिसत असलेला भाग कुठेही जाणार नाही असे सांगून ते पाळावे.

घरी आल्यावर फाइल कशी सांभाळावी

मूळ चित्रफीत ज्या मोबाइलवर घेतली त्यावरच राहू द्यावी. तिचे तुकडे करू नयेत, बाण किंवा अक्षरे टाकू नयेत, नावसुद्धा बदलू नये. व्हॉट्सॲपवर साधी पाठवलेली चित्रफीत आकाराने लहान होते आणि तिच्यातली मूळ माहितीही टिकत नाही, म्हणून वकिलाला पाठवायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पाकिटात तारखेसह बंद करून ठेवावी. शेजारचे रुग्ण दिसत असतील तर मूळ फाइलला हात न लावता, चेहरे धूसर केलेली वेगळी प्रत बनवून तक्रारीला जोडावी आणि मूळ फाइल मागणी झाल्यास सादर करू असे लिहावे.

न्यायालयात किंवा आयोगात ही फाइल द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग अ फाइल सादर करणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ, जी फाइलमध्ये किंचित जरी बदल झाला तरी पूर्ण बदलते. प्रमाणपत्राशिवाय दिलेली प्रत चालत नाही, हे अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तो निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी वर होता. मूळ मोबाइल त्याच्या मालकाने स्वतः साक्ष देऊन हजर केला तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणूनच मोबाइल विकू नये किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नये.

कागद आणि अर्ज

चित्रफीत हा अर्धा पुरावा आहे, उरलेला अर्धा कागदात असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने, किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने, नोंदी मागितल्यावर पोच देऊन ७२ तासांच्या आत त्या द्याव्या लागतात आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात. नुसती डिस्चार्ज समरी घेऊन समाधान मानू नये. नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, संमतिपत्रे, तपासण्यांचे अहवाल आणि तपशीलवार बिल असे नावानिशी मागावे. मावशीच्या प्रकरणात सगळा उलगडा नर्सिंग नोट्सच्या एका ओळीतून झाला.

त्याच दिवशी दुसरा अर्ज सीसीटीव्हीसाठी द्यावा, कारण जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. तारीख, वेळ, मजला आणि मार्गिका लिहून ‘हे चित्रण जतन करावे’ एवढीच विनंती करावी. प्रत ते लगेच देणार नाहीत, पण लेखी कळवूनही पुसले तर त्याचा जाब त्यांना द्यावा लागतो. सरकारी रुग्णालय असेल तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि जीविताचा किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांची आहे.

इथे इंदूरच्या मराठी घरांसाठी एक छोटी, पण महत्त्वाची सूचना. कार्यालयीन काम हिंदीत चालते, म्हणून अर्ज हिंदीतच द्यावा आणि तो हिंदी नीट लिहिणाऱ्याकडून वाचून घ्यावा. रामबागेतल्या आमच्या एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी अर्जावर ‘तकरार’ असे लिहिले होते. हिंदीत तकरार म्हणजे भांडण, आणि अर्ज वाचणाऱ्याने हे गृहस्थ रुग्णालयात भांडले असाच समज करून घेतला. ‘शिकायत’ हा शब्द वापरावा. अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नये.

पहिला अर्ज रुग्णालयाच्या अधीक्षकांना. तिथे समाधान झाले नाही तर जिल्ह्याचे मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी, ज्यांना सगळे सीएमएचओ म्हणतात. मध्य प्रदेशात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९७३ च्या राज्य कायद्याखाली होते आणि त्यावर देखरेख त्यांच्याच कार्यालयाकडून असते. याबरोबरच १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. ही तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत वरच्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि ‘बंद करायला होकार द्या’ असा फोन आला तरी लेखी उत्तर हातात पडल्याखेरीज होकार देऊ नये. मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारच्या जनसुनवाईतही, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीतही, अर्ज देता येतो. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे करावी. आचारसंहितेत अशा तक्रारीच्या निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत आहे.

पैसे देऊन घेतलेल्या उपचारांतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाने ठरले, मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार होतात ती रुग्णालये त्यातून वगळली. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते आणि उपचारांसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मृत्यूच्या प्रकरणात पोलिसांकडे जाताना हे लक्षात ठेवावे की सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर, २००५ पासून, डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा अतिशय ढोबळ असावा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते.

समाजमाध्यमांवर टाकावे का

चित्रफीत सर्वत्र पसरवली तर रुग्णालय लवकर हलते असे अनेक जण सांगतात, आणि कधी कधी ते खरेही असते. तरीही मी तसे न करण्याचाच सल्ला देईन, आणि त्याला कायद्यातही कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु ज्याला त्या बाबतीत कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्‌भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. सीएमएचओंना, कौन्सिलला किंवा आयोगाला दिलेली चित्रफीत या अपवादाच्या छायेत येते. फेसबुकवर टाकलेल्या चित्रफितीला ती छाया मिळत नाही. शिवाय तिच्यात रात्रपाळीला एकट्या राबणाऱ्या त्या सिस्टरचा चेहरा असतो, जिच्यावर दोन मजले टाकणारा माणूस चित्रात कुठेच नसतो.

प्रकरण संपल्यावर मूळ फाइल किती दिवस ठेवावी हेही ठरवून टाकावे. किमान दोन वर्षांची तक्रारीची मुदत संपेपर्यंत ती ठेवावीच. आयोगात प्रकरण गेले असेल तर जिल्हा आयोगाच्या आदेशावर अपील करण्याची ४५ दिवसांची मुदत उलटेपर्यंत, आणि अपील झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत ठेवावी. त्यानंतर इतर रुग्ण ज्यात दिसतात ती प्रत्येक प्रत मोबाइलमधून, पेनड्राइव्हवरून आणि ऑनलाइन साठवणीतून पुसावी, आणि ज्यांना ती दिली होती त्यांच्याकडूनही पुसून घ्यावी.